सभा संपेपर्यंत

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. पृथ्वी गार करायच्या मोठमोठ्या योजनांतून एक निवडायला आमच्या सभागृहात तज्ज्ञ जमले होते. आभाळात आरसे टांगावेत की समुद्रावरचे ढग पांढरे करावेत, यावर सकाळपासून खल चालला होता आणि निकाल आजच द्यायचा होता. भर दुपारी एसी बंद पडला. खिडक्या सगळ्या पक्क्या काचेच्या, न उघडणाऱ्या.

"मावशी, जीव जातोय हो!" अध्यक्षसाहेब टाय सोडून फायलीनं वारा घेत म्हणाले. "बघा ना जरा, चालू होतोय का."

एसीच्या बटणांच्या पेटीची किल्ली माझ्याच कमरेला होती. मी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"सभा संपेपर्यंत कळ काढा, साहेब."

आदल्या उन्हाळ्यात, एसीनं बाहेर फेकलेली गरम हवा थेट अंगावर येते म्हणून मागच्या दाराबाहेरच्या पहारेकऱ्यानं खुर्ची हलवू का असं विचारलं, तेव्हा साहेब त्याला हेच म्हणाले होते.



तो पहारेकरी माझा नवरा. त्या दिवशी सभा संपायच्या आत, त्या खुर्चीतच वारला.