बिनविरोध

मुळशी धरणाकाठच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत विरोधी अर्ज एकच आला, डोंगरवाडीतल्या पारूबाईचा. सरपंच हनुमंतराव स्वतः तिच्या दारात गेले.

"पारू, गावाच्या एकीला नाट लावू नगं. अर्ज मागं घे, न्हाईतर वाडीचा नळ बंद हुईल."

"नळ पंचायतीचा हाय, सरपंच."

"आन् पंचायत कुणाची हाय?"

दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घेतला गेला आणि मतदानाची गरजच उरली नाही. पुढे 'निर्भय लोकशाहीचा आदर्श' म्हणून तालुक्याच्या ठिकाणी गावाचा सत्कार झाला. हनुमंतरावांच्या गळ्यात हार पडले.

 

त्या निवडणुकीत साऱ्या गावात शाई लागली ती एकाच बोटाला. अर्ज मागे घेताना, पारूबाईच्या अंगठ्याला.