खंडेनवमीची भट्टी

भट्टीला हार कोणी घातला, हे विचारायची सोयच नव्हती. खुद्द विभागप्रमुख श्यामसुंदर सरांनी घातला होता, सगळ्या प्रयोगशाळेसमोर. खंडेनवमी होती. कारखान्यातल्या लेथला हार पडतो, मग संशोधनाच्या भट्टीने काय घोडं मारलंय? पण हार अडकवायला सरांना नेमकी तापमान मोजणारी कांडी सापडली, तीही भट्टी चालू असताना. हाराच्या ओझ्याने कांडी बाहेर सरकली. भट्टीला वाटलं, आपण अजून गारच आहोत. ती तापत सुटली.

आत पीएच.डी. करणाऱ्या भाग्यश्रीची धातूची फीत होती. वितळलेला धातू इतक्या झटक्यात थिजवलेला, की अणूंना रांगेत बसायला सवडच मिळाली नव्हती. धातूची काच म्हणतात तिला. बेताची आच दिली की आत डोळ्यांना न दिसणारे बारीक स्फटिक धरतात, आणि मग ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यासाठी तिच्या तोडीचं काही नाही. आच वाढली की स्फटिक फुगतात आणि सगळं मुसळ केरात. पाक पुढे गेल्यावर लाडवांचं काय होतं, ते घरोघरी ठाऊक आहे.

फीत शेवटची होती. करून देणाऱ्यांनी अशा फिती काढायचं यंत्रच मोडीत काढलं होतं. बरोबरीच्या मैत्रिणी पुण्यातच खराडीच्या आयटी कंपन्यांत एसीत बसून पगार घेत होत्या, आणि ही यवतमाळची मुलगी धायरीच्या खोलीत राहून या फितीवर प्रबंध उभा करत होती. तो आता संपला.

सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, ही होती कुठे? प्रयोग सोडून हलू नये, एवढंही कळत नाही? कुठे असणार! त्यांनीच तिला दारात रांगोळी काढायला बसवलं होतं. प्रयोगशाळेत चार मुलगे आहेत, पण रांगोळी म्हटली की भाग्यश्री. भट्टी चालू आहे, हे तिने तेव्हाच सांगितलं होतं. आताही सांगितलं. सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अंगाची लाही होते हो अशा वेळी.

मग पेढ्यांचं ताट तिच्यापुढे करत सर म्हणाले, "असू दे. कुणाचं काही नुकसान झालं नाही, हे महत्त्वाचं."

भाग्यश्रीने ताटाकडे पाहिलंही नाही.

"म्हणजे 'कुणा'त मला धरलं नाहीत तर, सर."