फ्रेंचमधली आजी

"कितना झूठ रटवाते हैं यार!" दहावीतली उत्कर्षा फ्रेंचची वही समोर धरून कुरकुरली.

"काय लिहिलंय एवढं?" मी पोळी लाटता लाटता विचारलं.

"वही, फैमिली वाला निबंध. कि आजी हमारे साथ रहती हैं, रोज़ कहानी सुनाती हैं."

"असू दे. कर पाठ. मार्क मिळाल्याशी मतलब."

हिच्या बोर्डाच्या अभ्यासाला वेगळी खोली हवी, म्हणून एप्रिलमध्ये सासूबाईंना इथे लखनौच्या चारबाग स्टेशनवर गाडीत बसवून साताऱ्याला धाडलं. विचारेल त्याला मी हेच सांगत आलेय.

एरवी मला हिंदीतच उत्तर देणारी पोर वहीतून मान वर न करता मराठीत म्हणाली,


"आई, खोली मी मागितलीच नव्हती."