कृष्णरावांची वीज

“खाली उतर,” जमुनाबाई म्हणाल्या. “ही तार निघणार नाही.”

मारुती वायरमन शिडीच्या मधल्या पायरीवर थांबला. चढायला भैयासाहेबांनी सांगितलं होतं, उतरायला त्यांच्या आईसाहेब सांगत होत्या, आणि मधल्या पायरीवर दोघांचाही मान राहत होता. मारुती देवासचा. तिथे रस्त्याच्या या कडेला एका राजाचा दरबार आणि त्या कडेला दुसऱ्याचा. मध्ये उभं राहायची त्याला सवय होती.

वीजघराच्या तारा धार शहरात जमुनाबाईंच्या गल्लीपर्यंत येऊन पोचल्या होत्या. शेजारपाजारी नव्या दिव्यांचं कोण कौतुक चाललं होतं. या घराला त्याचं काही नव्हतं. वीसेक वर्षांपूर्वी, दिल्ली दरबाराच्या वर्षीच जमुनाबाईंच्या यजमानांनी, कृष्णरावांनी, इंदूरहून कारागीर आणून दिवाणखान्यात वीज घेतली होती. भिंतीवर लाकडी पट्ट्या, त्यांत सुती वेष्टनाची तार, दाराशी पितळी खटका, आणि छताला भोक पाडून बसवलेला दुधी काचेचा मोठा गोळा. वीज तयार करायचं यंत्र माळ्यावर. माळ्याला कुलूप आणि किल्ली घरच्या जुन्या गड्याकडे, विठोबाकडे, कारण यंत्र फक्त त्यालाच कळायचं. बाकी कुणी वर नुसतं डोकावलं तरी वीज जागच्या जागी ठार करते, असं ऐकत भैयासाहेब लहानाचे मोठे झाले, आणि पुढे विज्ञान घेऊन पदवीधर झाले.

जुन्या वस्तूला असतात तशा या विजेलाही खोडी होत्या. जमुनाबाई खटका दाबायच्या, देवाला हात जोडायच्या, आणि मग कुठे गोळा हळूहळू उजळायचा. वारा सुटला की उजेड थरथरायचा. विठोबा भाचीच्या लग्नाला मनावर गावाला गेला, तर तो परत येईपर्यंत करंटच नव्हता. यंत्रालाही माणसाचा लळा लागतो, असं कृष्णराव म्हणत. ते गेल्यावर जमुनाबाई तेच म्हणू लागल्या.

“बाईसाब, जरा छत तो देखो,” मारुती शिडीवरून म्हणाला. “गोळ्याच्या बाजूनं पूरं काळं पडलंय. तार अंदरून सुलगून राहिली. एक दिन मकान जाएगा.”

भैयासाहेबांनी मग रबर, उष्णता आणि ठिणगी यांविषयी सगळ्यांना समजावून सांगितलं. बराच वेळ सांगितलं. जमुनाबाईंनी छताकडे पाहिलंसुद्धा नाही.

भांडण खरं तारेचं नव्हतंच. नवी तार आली की वीजघराचा करंट येणार, माळ्यावरचं यंत्र भंगारात जाणार आणि विठोबाला त्याच्या गावी, डहीला, पाठवून देणार, असं भैयासाहेबांनी सकाळीच जाहीर केलं होतं. डहीला विठोबाचं एक पडकं छप्पर होतं आणि माणूस एकही नव्हतं. तो दाराशी बसून सगळं ऐकत होता. यंत्रापायी कायमची काळी झालेली बोटं त्याने गुडघ्यांवर ठेवली होती.

“विठोबा कुठेही जाणार नाही,” जमुनाबाई म्हणाल्या.

“आईसाहेब, त्याला काम काय उरणार?”

“दिवा लावायचं.”

“दिवा खटक्याने लागतो.”

“असं?”

“खटका आणि तार. तारेशिवाय दिवा लागत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल.”

“आणि लागला तर?”

भैयासाहेब मोठ्याने हसले. मारुतीही हसला, पण मधल्या पायरीवर असल्यामुळे अर्धंच.

“तार काढल्यावर दिवा लागला,” भैयासाहेब म्हणाले, “तर विठोबा मरेपर्यंत या घरात राहील. आणि त्याच्याऐवजी मी डहीला जाऊन राहीन.”

“मारुती, ऐकलंस?”

“ऐकलं, बाईसाब.”

“मग काढ तार.”

विठोबा बोचकं बांधतो म्हणून उठून गेला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. करंट बंद कुठून करायचा ते मागे राहिलेल्यांत कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा मारुतीने रबरी जोडे चढवले, कालिकामातेचं नाव घेतलं आणि पट्ट्या उखडायला लागला. वेष्टनाची हातात भुकटी होत होती. माळ्याकडे गेलेली तार त्याने खालूनच जोर लावून ओढली. ती इतकी अलगद आली की तो शिडीवरून पडता पडता वाचला. पार सडली होती, असं भैयासाहेबांचं मत पडलं. घराला आग कशी लागली नाही याचंच त्यांना नवल वाटत होतं.

दिवेलागणीपर्यंत सगळी तार अंगणात भेंडोळं होऊन पडली होती. दाराजवळचा खटका एका खिळ्यावर लोंबकळत होता. आईच्या मनाला फार लागू नये म्हणून भैयासाहेबांनी एक मेणबत्ती आणून ठेवली होती, काडेपेटीसकट. हरल्याचं वाईट वाटून घेऊ नका, असंही ते प्रेमाने म्हणाले.

जमुनाबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या दाराशी गेल्या आणि त्यांनी लोंबकळता खटका एका हाताने धरून दुसऱ्या हाताने दाबला. मग देवाला हात जोडले.

गोळा हळूहळू उजळला.

मारुतीने पुन्हा कालिकामातेचं नाव घेतलं. भैयासाहेबांनी अंगणातल्या भेंडोळ्याकडे पाहिलं, खटक्याकडे पाहिलं, गोळ्याकडे पाहिलं. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण आत विज्ञान सापडेना.

जमुनाबाईंनी छताकडे मान वर केली.

“विठोबा, वात जरा खाली कर, काजळी धरतेय,” त्या म्हणाल्या. “आणि मग खाली ये. भैयासाहेबांची ट्रंक डहीच्या गाडीत चढवायची आहे.”