राजीचं वय

"उजवा हात वर घे. डोक्यावरनं ने. आता डावा कान धर."

राजीनं हात वर घेतला. श्रावस्ती मॅडम टेबलावरून पुढं झुकल्या. महिला बराकीवर त्यांची ड्युटी. व्हरांड्यातल्या त्या टेबलावर एक छापील कागद होता आणि त्यातला एकच रकाना कोरा होता. मुलीचं वय. सहा वर्षांपर्यंत लेकरू तुरुंगात आईजवळ राहू शकतं. सहा भरली की नातेवाइकांकडं, तेही नसतील तर बालगृहात. राजीला, कैदी अयोध्याच्या लेकीला, न्यायला कुणीच तयार नव्हतं.

जन्माचा दाखला नव्हता. राजी ढोकीकडच्या उसाच्या फडात, तोड चालू असताना झालेली.

"दिवस तरी आठवतो का?" मॅडमनी आधी अयोध्याला विचारून पाहिलं होतं.

"आमच्या गावात सप्ता बसला होता. काल्याच्या कीर्तनादिवशी झाली."

"कोणत्या सालचा सप्ता?"

"सप्ता दरसाल असतोय, मॅडम."

भिंतीला टेकून गव्हातले खडे काढणारी केशरमावशी हसली. "पोरगी कवा झाली ते ठावं न्हाय. मुकादमावर कोयता कवा उचलला ते इचारा, घड्याळ लावून सांगंल."

म्हणून मग कान धरायला लावला. दाखला नसलेल्या पोरांना पूर्वी गुरुजी असंच शाळेत घ्यायचे. येडशीच्या शाळेत खुद्द मॅडमचं नाव असंच लागलं होतं. हात कानाला पोचला की सहा.

राजीचा हात पोचेना. सकाळीच अयोध्यानं तिचे सगळे केस टाळूवर ओढून नारळाएवढा बुचडा बांधला होता. हात त्याला वळसा घालून येत होता आणि बोटं कानाच्या वरच थांबत होती.

"मान सरळ ठेव."

राजीनं जीभ बाहेर काढून जोर लावला. तरी दोन बोटं कमीच.

मॅडमनी बुचड्याकडं पाहिलं. मग अयोध्याकडं पाहिलं. अयोध्या फरशीकडं बघत होती.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "पाच." आणि पेनाचं टोपण काढलं.

"जिंकलीस गं बाई," केशरमावशी पुटपुटली. "आनखी सालभर तरी कुशीत झोपंल."

तेवढ्यात शिट्टी झाली. संध्याकाळची गिनती, कैदी मोजायची वेळ.

राजी पळाली. बायका पदर सावरत उठत होत्या, तोवर ती अंगणात पहिल्या जागी जाऊन उकिडवी बसलीसुद्धा. हात गुडघ्यांवर. मान खाली.

"तुझी गिनती नसती गं, येडे," मॅडम हसत ओरडल्या. "जा, खेळ जा."

"ह्योच खेळ हाय," राजी मान वर न करता म्हणाली.

अयोध्या पायरीवर थांबली. मागून केशरमावशीनं ढोसलं, "चल की, वाट अडवून काय हुबारलीस?" ती हलली नाही. मावशी कडेनं निघून गेली. अंगणात दोन-दोनची रांग धरू लागली.

"मॅडम."

"काय गं?"

"लिवलं का?"

"लिहितेय."

"सहा लिवा."

पेन थांबलं. "सहा लिहिलं तर आठ दिवसांत गाडी येईल तिला न्यायला. कळतंय का तुला?"

"व्हय."

"आणि मग रडत माझ्याकडं यायचं नाही."

"न्हाय येणार."

मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. अंगणात राजीनं शेजारची रिकामी जागा तळहातानं झाडून साफ केली.

"आई, बस की लवकर. गिनती चुकंल."