टोबी उठला तर

"ते कापायचं यंत्र बंद कर रे मेल्या, पोर उठेल!" ओपल पडवीतून ओरडली.

"नाही उठत, आई," पिकअपच्या खालून तिच्या लेकाचा, रँडलचा आवाज आला. बाहेर नुसते त्याचे बूट दिसत होते. "सकाळपासून सहा गंजके बोल्ट कापले. पापणी तरी हलली का त्याची?"

ओपल विरघळलीच. "आजोबांवर गेलाय मेला. छप्पर कोसळलं असतं तरी घोरत पडले असते ते."

आतल्या खोलीत पाच महिन्यांचा टोबी निजला होता. स्वयंपाकघरात रँडलच्या बायकोच्या, वेंडाच्या हातून टोपाचं झाकण धाडकन पडलं. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"हिच्या हातांना आज झालंय तरी काय?" ओपल पुटपुटली.

रँडल हसला. पिकअपवर त्याचा जीव होता. आठ सिलिंडरचं इंजिन, पण दोन्ही अंगांनी निघालेला धूर पोटाखाली एकाच नळीत कोंबलेला. एकच सायलेन्सर, मागे एकच शेपूट. "धडधाकट गडी आणि एका नाकपुडीने श्वास घेतोय," असं तो भेटेल त्याला सांगायचा. दोन बाजूंना दोन पाइप काढायचे, हे त्याचं दोन वर्षांचं स्वप्न, आणि दोन वर्षं वेंडाचं एकच उत्तर. नाही म्हणजे नाही.

मग आली चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी. त्या एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात अख्खं खोरं नदीकाठी जमलं होतं. फटाके फुटू लागले तशी सगळ्यांची पोरं भोकाड पसरून रडायला लागली. टोबी मात्र दुपट्यात गुरफटून वेंडाच्या कुशीत शांत. "बघा माझा वाघ!" रँडलने दहा जणांना बोलावून दाखवला. घरी येताना वेंडा वाटभर टोबीच्या तोंडाकडेच बघत होती. फाटकाशी आल्यावर आपण होऊन म्हणाली, "बसव तुझे दोन पाइप."

"काय?"

"पण एक अट. टोबीला घेऊन मी गाडीशेजारी उभी राहणार. तू ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. टोबी उठला, तर जुना पाइप परत."

रँडलने तिथल्या तिथे हात पुढे केला. "शब्द?"

"शब्द."

तेव्हापासून तीन आठवडे त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं. गावातल्या दुकानातून पाइप हवे तसे वाकवून आणले. डावा पाइप पेट्रोलच्या टाकीपासून चार बोटं लांब नेला. आवाज कर्कश होऊ नये, खर्जातला यावा म्हणून दोन्हींच्या मध्ये आडवी नळी जोडली आणि सायलेन्सर मुद्दाम लांबोडके घेतले. आपला छंद आपल्याच लेकाच्या झोपेवर टांगलाय, हे ध्यानात ठेवून त्याने एकेक जोड जीव ओतून वेल्ड केला.

दुपारी शेजारचा हर्शल तंबाखू चघळत कुंपणाला येऊन टेकला. "रँडल, जुना पाइप फेकू नकोस हो. संध्याकाळी लागेल."

"तुम्ही आधी तुमच्या कोंबड्यांच्या कानांत कापूस घाला!"

चारच्या सुमाराला रँडल गाडीखालून निघाला. कोपरापर्यंत काळा, आणि चेहरा नवरदेवासारखा. "वेंडा! आण आमच्या पंचांना."

वेंडा टोबीला आडवं कुशीत घेऊन आली. उन्हासाठी तोंडावर दुपट्याची झडप ओढलेली, बाहेर फक्त दोन गुलाबी तळवे.

"पडवीतच थांब ना, सावलीला," ओपल म्हणाली.

"नको. तिथे फळ्या हादरतात." ती पायऱ्या उतरली आणि मागच्या चाकाजवळ गवतावर येऊन उभी राहिली.

रँडलने चावी फिरवली. इंजिन खाकरलं आणि मग असं भरदार घुमलं, की त्याच्या अंगावर काटाच आला. खाली उतरून त्याने आधी एका पाइपामागे तळहात धरला, मग दुसऱ्यामागे. दोन्हीकडे सारखाच ऊन श्वास. हर्शलने मान डोलावली. असली दाद तो सहसा कोणाला देत नसे.

रँडल पुन्हा स्टिअरिंगमागे बसला आणि त्याने पाय दाबला.

खिडक्यांची तावदानं थरथरली. कुंपणापलीकडे कोंबड्यांची पळापळ झाली, कुत्रा पडवीखाली घुसला, ओपल दोन्ही कानांवर हात ठेवून हसत सुटली. रँडलने वळून मागे पाहिलं. वेंडाची नजर दुपट्याच्या आत होती. तिने नुसती मान हलवली. नाही.

"अजून दाब," ती ओरडली.

"अजून?"

"पूर्ण म्हणाले होते ना मी!"

त्याने दाबलं.

"पुन्हा!"

त्याने पुन्हा दाबलं. दोन वर्षं नाही म्हणणारी बायको आता अजून मागत होती. हिलाही आवडला तर आवाज, असं वाटून तो मनातून फुलून गेला.

इंजिन बंद केलं तरी डोंगरावरून घुमारा परत येतच राहिला. हर्शलने टोपी काढली. "जिंकलास बाबा."

"असं गुणी लेकरू अख्ख्या खोऱ्यात नाही," ओपलने डोळे टिपले.

रँडलची छाती फुगून आली होती. जास्त अभिमान पाइपांचा की पोराचा, त्याचं त्यालाच कळेना. पँटला हात पुसत, उगीच झोपमोड नको म्हणून चवड्यांवर चालत तो वेंडाजवळ आला, आणि लेकाचा निजलेला चेहरा पाहायला त्याने दुपट्याचं टोक हळूच उचललं.

टोबी आईच्या गळ्यातली साखळी मुठीत धरून तिच्याकडे टकमक बघत होता.

"अरे! आत्ता उठला होय?"

"तो झोपलाच नव्हता, रँडल," वेंडा म्हणाली. "आणि एकदाही दचकला नाही."