न सारवलेली भिंत

मागच्या फेरीत आमच्या पथकानं डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीत फक्त डासांचं औषध फवारलं होतं. या फेरीला कुपोषण ओळखायला लहान पोरांचे दंडही मोजायचे होते, म्हणून सोबत टेप दिली होती.

फवारलेली भिंत सारवू नका, औषध झाकलं जातं, असं तेव्हा कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. तरी दसऱ्याला अख्ख्या वाडीनं भिंती सारवल्याच. न सारवलेली दिसली ती एकट्या भागूची.

"वाडीत तू एकटीनंच ऐकलंस बघ माझं!" मी खूश होऊन म्हणाले.

तिच्या थोरल्याचा, मोहितचा, दंड मोजला. "आता धाकटीला आण."

"ती श्रावणात गेली, ताई. ताप न्हाई, काय न्हाई. नुसती सुकत गेली."

टेप माझ्या हातात तशीच राहिली. भागू दाराशेजारच्या भिंतीकडं बघत होती. तिथं मागच्या फेरीत मीच खडूनं लिहिलं होतं : 'मुलं २'.

 

"तिचं येवढंच ऱ्हायलंय, ताई. त्याच्यावर कसं सारवू?"